विशेषणं काढा, मापं लिहा

ताई, नमस्कार.

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गेल्या श्रावणात वयाच्या ९३व्या वर्षी गेले. मूळ गाव खटाव तालुक्यातलं. १९५१ साली खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या पूल-रस्ते करणाऱ्या पलटणीत भरती झाले, १९७२ला हवालदार म्हणून पेन्शनवर आले. ते दुष्काळाचं साल. शेतीत काही उरलं नव्हतं, म्हणून लालबागला गावकीच्या खोलीत येऊन राहिले आणि सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू लावायच्या कामाला लागले. पुढे स्वतः कामं घेऊ लागले. आधी जुन्या चाळींची दुरुस्ती, मग ठाणे-डोंबिवलीकडच्या चार मजली इमारती. पंचाहत्तरीपर्यंत साइटवर जात होते.

येत्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणपुस्तिका काढायचं ठरलंय. लिहायचं काम माझ्याकडे आहे आणि तिथंच घोडं अडलंय. थोरल्या भावाला (जन्म १९५७) 'वीर योद्धा' हवा. धाकट्याला (१९७३), जो आता नानांचाच धंदा बघतो, 'प्रसिद्ध बिल्डर' हवा. मी मधली, १९६६ची. मला आठवतात ते नाना वेगळेच. २०१८मध्ये एल्फिन्स्टनला लष्करानं पूल बांधला, तेव्हा ८६ वर्षांचा हा माणूस हट्टानं मला भांडुपहून लोकलनं परळला घेऊन गेला. पुलाशी अर्धा तास उभे होते. शेवटी एवढंच म्हणाले, "पिना नीट बसल्यात."

युद्धाबद्दल ते कधी बोलले नाहीत. बिस्किटाच्या डब्यात सहा पदकं आणि आईला आलेली काही पत्रं सापडली. साइटच्या एकतीस वह्याही आहेत.

एक गोष्ट अवघड आहे. १९८७मध्ये ठाण्याच्या साइटवर परांचीवरून पडून एक बिगारी गेला. नाना स्वतः त्याच्या गावी जाऊन आले. नंतर दर दिवाळीला मनीऑर्डर जायची, त्याचा मुलगा नोकरीला लागेपर्यंत. मला हे लिहायचंय. भाऊ म्हणतात, गेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतेस? आई ८७ वर्षांची आहे. तिला विचारलं की म्हणते, "काय सांगू, चांगले होते." मी काय करू?

— एक लेक, भांडुप


नमस्कार.

काय करू विचारता, आणि पुस्तिकेचं पहिलं वाक्य तर पत्रातच पाठवून मोकळ्या झालात. 'पिना नीट बसल्यात.' तिथूनच सुरू करा. 'सातारा जिल्ह्यातील एका सामान्य शेतकरी कुटुंबात' वगैरे मागाहून येऊ द्या. सगळ्यांच्याच पुस्तिका तिथून सुरू होतात.

ज्यांना त्या वाक्यात काय आहे ते कळणार नाही, त्यांच्यासाठी खाली चार ओळी टाका. तो बेली पूल होता, म्हणजे लोखंडी पॅनेलांची जोडणी. एक पॅनेल दहा फूट लांब, पाच फूट उंच, वजनाला साधारण २६० किलो. सहा माणसं मिळून ते उचलतात. पॅनेलला पॅनेल जोडलं जातं ते पिनेनं. एखादी पिन अर्धवट बसली असेल तर वरून जाणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, जोडणाऱ्याला असतो. २९ सप्टेंबर २०१७ला परळ-एल्फिन्स्टनच्या जुन्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर नवा पादचारी पूल उभारण्याचं काम लष्कराकडे आलं आणि ते केलं खडकीच्या बॉम्बे सॅपर्सनीच. फेब्रुवारी २०१८च्या शेवटी तो खुला झाला. म्हणजे बघा, पलटण सोडून नाना ज्या भागात पोट भरायला आले, तिथं शेहेचाळीस वर्षांनी त्यांचीच सॅपर मंडळी येऊन काम करून गेली. आणि हा म्हातारा काम तपासायला गेला! सोबत लेकीला नेलं. दोघा मुलांपैकी कुणाला नेलं नाही, हे भावांना सांगायची गरज नाही. मी आपलं तुम्हाला म्हणून सांगते.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. ते गेले तेव्हा आम्ही भावंडांनी चार पानी पत्रक छापलं. 'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, धार्मिक वृत्तीचे.' मध्यंतरी कपाट आवरताना ते हाती लागलं. वाचलं, आणि ते शेजारच्या काकांबद्दलही चाललं असतं असं वाटलं. ते किती साचे सांभाळायचे, कुठल्या पाळीला जायचे, डबा कोण पोहोचवायचं, यातलं अक्षर नाही. आता सांगायलाही कुणी उरलेलं नाही. तुमच्याकडे एकतीस वह्या आहेत म्हणता तेव्हा मला सरळ हेवा वाटतो.

आता भांडणाकडे येऊ. तुम्ही तिघांची जन्मसालं कंसात टाकलीत, ते बरं केलंत. थोरला १९५७चा. नाना पेन्शनवर आले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. तोवर त्याचे वडील म्हणजे वर्षातून एकदा रजेवर येणारा माणूस, भिंतीवरचा वर्दीतला फोटो आणि महिन्याची मनीऑर्डर. धाकट्याचा जन्म नाना परत आल्यावरचा. त्यानं वर्दी अंगावर कधी पाहिलीच नाही. त्याला दिसले ते डोक्याला रुमाल बांधून ओळंबा धरणारे नाना. तुम्ही सहा वर्षांच्या होतात तेव्हा वडील घरी आले आणि राहिले, रजा संपली तरी गेले नाहीत. तीन पोरांना तीन वेगवेगळे बाप मिळाले. त्यांचा एक पुतळा करायला बसलात तर भांडण होणारच.

तेव्हा तिघांनी आपापलं लिहावं. थोरल्यानं १९७२पर्यंतचं, स्वतः पाहिलेलं. धाकट्यानं साइटवरचं. तुम्ही घरातलं आणि शेवटच्या वर्षांतलं. प्रत्येकाला पाच पानं आणि एक अट: जे आपल्या डोळ्यांनी पाहिलं नाही, ते लिहायचं नाही. थोरल्याला ही अट जड जाईल. बाप घरात नव्हता, हेच त्याला लिहावं लागेल. लिहू दे त्याला. रजा संपवून नाना एस.टी.त बसायचे तेव्हा हा पोरगा कुठं उभा असायचा, एवढं जरी त्यानं लिहिलं तरी 'वीर योद्धा'ची गरज त्याची त्यालाच वाटणार नाही.

राहिला युद्धाचा भाग. त्यांनी सांगितलं नाही, म्हणून काहीच कळणार नाही असं नाही. सहा पदकं आधी ओळखून घ्या. १९६५च्या लढाईत प्रत्यक्ष मोहिमेवर असलेल्यांना 'समर सेवा स्टार' मिळाला, आणि त्या वेळी नोकरीत असलेल्यांना 'रक्षा मेडल'. १९७१साठी पश्चिम आघाडीवर 'पश्चिमी स्टार', पूर्वेला 'पूर्वी स्टार' आणि दोन्हीकडच्यांना 'संग्राम मेडल'. 'सैन्य सेवा मेडल' असेल तर त्याच्या फितीवरची आडवी पट्टी बघा. त्यावर नेफा (आजचा अरुणाचल), हिमालय, जम्मू-काश्मीर असं ठिकाण कोरलेलं असतं. १५ ऑगस्ट १९७२ला जे सैन्यात होते त्यांना स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदकही मिळालं. नाना ऑगस्टच्या आधी सुटले की नंतर, हे त्या एका पदकावरून कळेल. पत्रांवरचा पत्ताही बघा. '५६ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) असेल तर त्या वेळी ते देशाच्या पश्चिम-उत्तरेला होते, '९९ एपीओ' असेल तर पूर्वेला. पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख आणि हा आकडा जुळवलात तर नाना कधी कुठं होते, याचा ढोबळ नकाशा तयार होईल. नंतर त्यांचा सर्व्हिस नंबर आणि डिस्चार्ज बुकची झेरॉक्स घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला कसं लिहायचं ते तिथं सांगतील.

'शत्रूला धूळ चारली' हे मात्र लिहू नका. सॅपरचं काम वेगळं असतं. पायदळ आणि रणगाडे पुढे जाण्याआधी याला जावं लागतं, सुरुंग काढायला, रस्ता करायला, पूल टाकायला. थोरला ऐकत नसेल तर त्याला रामा राघोबा राणे यांच्याबद्दल सांगा. तेही बॉम्बे सॅपर्सचेच, कारवारकडचे. एप्रिल १९४८मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावर गोळीबार चालू असताना सुरुंग काढत, अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीर चक्र मिळालं ते रस्ता मोकळा करण्यासाठी. एकवीस वर्षं तेच काम करणाऱ्या हवालदाराचं वर्णन करायला तलवारी आणि धूळ कशाला?

धाकट्यासाठी वह्या आहेत. आधी तो 'बिल्डर' शब्द मात्र काढा. मुंबईत 'बिल्डर' ऐकलं की निम्मे वाचक खिसा चाचपतात. नाना कंत्राटदार होते, त्याआधी सेंटरिंगचे मिस्त्री होते. लालबागमध्ये लोक त्यांना नुसतं मिस्त्री म्हणत असतील तर तेच छापा. वह्यांत हजेरी असेल, दर आठवड्याची खर्ची असेल, उचल असेल, सिमेंटच्या गोण्या असतील. १९८२पर्यंत सिमेंटवर सरकारचं पूर्ण नियंत्रण होतं, परमिट लागायचं. त्या वर्षी ते थोडं सैल झालं आणि १९८९मध्ये पूर्ण उठलं. त्या काळातली 'सिमेंट नाही, काम बंद' अशी एखादी नोंद सापडली तर तिचा फोटो काढून त्यांच्याच अक्षरात छापा.

आणखी एक मोजमाप करा, याला धाकटा लागेल. प्रत्येक कामात स्लॅब कधी भरला आणि टेकू कधी काढले, या दोन तारखा शोधा. लहान गाळ्याच्या, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर कमी असलेल्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी काढले तरी नियमात बसतं. मोठ्या गाळ्याला चौदा दिवस, लांब बीमला एकवीस. टेकू-फळ्या भाड्याच्या असल्या की प्रत्येक दिवसाचे पैसे जातात, म्हणून कंत्राटदाराचा जीव तिथंच खालीवर होतो. नाना किती दिवस थांबायचे? नियमापेक्षा दोन दिवस जास्त थांबत असतील तर तो आकडा लिहा. 'अत्यंत प्रामाणिक' लिहावं लागणार नाही. आणि घाई केलेली दिसली तर? तर 'कधीही तडजोड न करणारे' हे शब्द वापरायचे नाहीत, एवढंच.

कामांची यादी करा आणि शक्य तिथं जाऊन आजचा फोटो घ्या. यातल्या काही इमारती एव्हाना पाडून तिथं टॉवर झाले असतील. त्याही यादीत ठेवा, बांधल्याचं साल आणि पाडल्याचं साल, दोन्ही घालून. नव्वदी पार केलेला माणूस आपण बांधलेल्या इमारतीनंतरही जगला, हे मुंबईतच जास्त घडतं. त्यातल्या एखाद्या पाडकामाच्या वेळी ते तिथं गेले होते का, धाकट्याला विचारा. मला वाटतं, गेले असतील.

आता परांचीवरून पडलेला माणूस. लिहा, असंच माझं मत आहे. पण तुम्ही पत्रात जसं लिहिलंत तसं लिहू नका. तुमच्या दोन ओळींत तो माणूस पडला आणि लगेच नाना चांगले ठरले. गेलेला जीव तुमच्या वडिलांच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून वापरला जाऊ नये. आणि दुसरं, जरा कडू आहे. कामगाराचा कामावर जीव गेला तर मालकानं घरच्यांना भरपाई द्यायची, असा कायदा आपल्याकडे १९२३पासून आहे. १९८७मध्येही होता. नानांनी ती रीतसर भरली का, हे त्या सालच्या वहीत बघा. भरली असेल तर दिवाळीची मनीऑर्डर ही वरची माया. भरली नसेल तर ती देणं असलेली रक्कम होती, वर्षावर्षानं फेडलेली. दोन्ही गोष्टींत नाना माणूस म्हणून उभे राहतात, फक्त वेगवेगळ्या जागी. कुठली खरी, ते बघूनच शब्द निवडा. 'दानशूर' तर कुठल्याच बाजूनं बसत नाही.

त्या वेळी परांचीचा काथ्या कुजला होता का, बांबू कुणी बांधला, नाना त्या दिवशी साइटवर होते का, हे कळलं तर साध्या वाक्यांत लिहा. कळलं नाही तर कारणं जोडत बसू नका. भाऊ अब्रूचं म्हणतात. पण त्या वेळी साइटवर असलेली माणसं अजून असतील, त्यातली दोन-चार वर्षश्राद्धाला जेवायलाही येतील. पुस्तिकेत त्या दिवसाचा उल्लेख नाही, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात येईल.

मात्र छापण्याआधी त्या घरी विचारायला हवं. मुलगा नोकरीला लागला म्हणजे तो आता पन्नाशीच्या आसपास असेल. फोनवर नको, नानांसारखं जाऊन या. लिहिलेला मजकूर वाचून दाखवा. नाव घालायचं की नाही, ते त्यांना ठरवू द्या. ते नको म्हणाले तर छापू नका. मग घरातल्या नातवंडांना एकदा बसवून तोंडी सांगा. भावांची परवानगी मात्र यात लागत नाही.

आणि आई. 'कुटुंबवत्सल' असा शब्द तुमच्या मसुद्यात कुठेतरी असेलच. आधी हिशेब करा. लग्नानंतर १९७२पर्यंत नाना रजेवर एकूण किती महिने घरी होते? बाकीचे सगळे महिने दोन पोरं, सासू-सासरे, शेत आणि खटावचा दुष्काळ कुणी ओढला? ते पान आईचं आहे आणि ते पुस्तिकेच्या मधोमध यायला हवं, शेवटी 'त्यांच्या पश्चात पत्नी' अशा ओळीत नाही.

पण 'नाना कसे होते?' असं तिला विचारू नका. त्या पिढीच्या बाईला या प्रश्नाचं उत्तर देणं म्हणजे नवऱ्याला मार्क देण्यासारखं वाटतं. ती 'चांगले होते' म्हणणार आणि विषय संपवणार. दुपारी झोप झाल्यावर चहा द्या, मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून बाजूला ठेवा आणि डब्यातलं एक पत्र तिच्या हातात द्या. हे कुणी वाचून दाखवलं होतं? तू उलट काय लिहिलंस? की कुणाकडून लिहून घेतलंस? पहिल्यांदा लालबागला आलीस तेव्हा खोलीत किती माणसं होती? नळाला पाणी किती वाजता यायचं, कोण भरायचं? असं छोटं विचारत राहा. एका बसण्यात वीस मिनिटांच्या वर ताणू नका. पुस्तिकेआधी हे करा, या आठवड्यात करा. वह्या पुढच्या वर्षीही तशाच असतील.

जाता जाता घरगुती प्रश्न: आईचं फॅमिली पेन्शन सुरू झालं का? नसेल तर मृत्यूचा दाखला आणि नानांचा पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) घेऊन बँकेत जा, किंवा खातं 'स्पर्श' या लष्करी पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर गेलं असेल तर तिथं अर्ज करा. सुरू झालं असेल तर रक्कम तपासा. ऐंशी वर्षांनंतर मूळ रकमेवर २० टक्के जादा मिळतात, पंच्याऐंशीनंतर ३० टक्के. त्यासाठी आईची जन्मतारीख कागदावर बरोबर असायला हवी, आणि त्या काळच्या बायकांची ती बहुतेकदा चुकीची असते किंवा नसतेच. थोरल्याला हे काम द्या. वर्दीचा मान राखायची त्याला हौस आहेच, जाऊन रांगेत उभा राहील.

तुमची,
ताई

ता. क. पदकं समारंभात मांडायची म्हणून कुणी ब्रासो लावून घासायला घेईल. घासू देऊ नका. कडेवर किंवा मागच्या बाजूला नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं, घासून ते झिजतं. उन्हात धरून भिंगातून वाचा, नंबर कागदावर उतरवा आणि डबा होता तसा बंद करा.